कॅमेऱ्याचं पितळ उघडं पडलंय, केस घालू का?

निगेटिव्ह_निनाद
नमस्कार मंडळी. बरेच दिवस घेऊ घेऊ करत शेवटी बोरा बाजारातून काळा निकॉन एफएम२ घेतला. चालतो एकदम झकास, १/४००० पर्यंत सगळे स्पीड दुकानदाराने मशीनवर लावून दाखवले, प्रकाश मोजणारा मीटर माझ्या डिजिटलशी जुळतोय, लेन्स स्वच्छ. फक्त अंगाने जरा खरचटलेला आहे. प्रिझमचं (वरच्या उंचवट्याचं) टोक, वरच्या प्लेटच्या कडा, वाइंडिंग लिव्हरच्या खालचा भाग, सगळीकडे काळा रंग उडून पिवळं पितळ दिसतंय. बायको म्हणते एवढे पैसे देऊन भंगार आणलंस, मित्र म्हणतो अरे हेच तर सौंदर्य. मला दोन्ही पटतं ही अडचण आहे.
तर प्रश्न असा की आहे तो रंग टिकवायला चामड्याची हाफ केस, म्हणजे फक्त खालचा अर्धा भाग झाकणारी, घ्यावी का? की जुन्या काळची पूर्ण बंद एव्हर-रेडी केस? की हे सगळे नुसते नखरे? जे खरंच फिल्म वापरतात त्यांनी सांगा, यूट्यूबवरचं सगळं मी पण बघितलंय.

शटरराव
केस नको. कॅमेरा वापरा. विषय संपला.

काजवा
रुमाल टाकून ठेवतोय. माझ्याकडे पण असाच एक आहे.

सातारकर_तात्या
शटरराव, विषय एवढ्यात संपवू नका, आम्हाला पण बोलू द्या की.
निनाद, मी लग्नं काढली २५ वर्षं, त्यातली अर्ध्याहून जास्त फिल्मवर. आधी यासिका एफएक्स-३ होता, मग पेंटॅक्स के१०००. दोन्हीबरोबर ती पूर्ण चामड्याची केस आलेली. पहिल्याच सीझनला कळलं की ही केस पुढाऱ्याच्या घरच्या कपाटात शोभते. अंतरपाट खाली येतो, माळ वर जाते, आणि आपण अजून पुढचं बटन उघडतोय. उघडली तरी पुढचा पडदा लेन्सखाली लोंबत राहतो, आडवा कॅमेरा उभा केला की तोच पडदा बाजूने फ्रेममधे डोकावतो. रोल बदलायचा तर अख्खा कॅमेरा बाहेर काढा. आम्ही तिला एव्हर-रेडी नाही, नेव्हर-रेडी म्हणायचो.
रंग कशाने उडतो म्हणाल तर माझ्या के१०००चा तळ सगळा फ्लॅश ब्रॅकेटने खाल्ला. पट्टी खाली घट्ट आवळायची, दिवसभर ती हलत राहते, मधे मांडवातली धूळ. वरची प्लेट शर्टाच्या बटनांनी आणि दुसऱ्या कॅमेऱ्याने घासली. एक केस घालून त्यातलं काहीच थांबलं नसतं.
आणि यासिकाची तर गंमतच, रंग टकाटक पण अंगावरचं रेक्झिन आपोआप आक्रसलं आणि पापडी होऊन पडायला लागलं. न घासता, कपाटात बसून! या मॉडेलला तो रोगच आहे, मी चार जणांचे बघितलेत. तेव्हा रंगाचं जास्त मनावर घेऊ नका.
अवांतर: खंडेनवमीला कॅमेऱ्याची पूजा असायची, आमच्या कै. मातोश्री चिमूटभर कुंकू सढळ हाताने सोडायच्या. के१०००च्या कोरलेल्या अक्षरांत ते आजही गुलाबी दिसतं. ती खूण मी कुठल्या केसखाली झाकणार नाही.

नंदिनी_ठाणे
तात्या, कुंकवाला +१. आमच्याकडे हळद पण असते.
पण शटरराव आणि तात्या दोघांशी अर्धी असहमत. इथे दोन गोष्टींची गल्लत होतेय. रंग घासला जाणं वेगळं आणि पोचा येणं वेगळं. रंग उडाल्याने फोटोत काडीचा फरक पडत नाही. पोच्याने पडतो. फिल्टर रिंगला पोचा आला की फिल्टर बसत नाही, बसलेला निघत नाही. रिवाइंड नॉबचा दांडा वाकला की पाठ उघडताना रडारड. प्रिझमवर पोचा आला तर आत काचेला धक्का बसलाय का ते व्ह्यूफाइंडरमधून बघायचं, काळे डाग दिसले की समजा आतली चांदी गेली.
मी लोकलने जाते. ठाण्याहून ८:१७. त्या गर्दीत कॅमेरा गळ्यात मोकळा ठेवायची हिंमत असेल त्याने केस नको म्हणावं. माझी पूर्ण केस आहे, बॅगेत कॅमेरा त्या केसमधे, उतरले की केस बॅगेत आणि कॅमेरा हातात. म्हणजे प्रवासापुरती. असं का नाही करत कोणी?

शटरराव
त्यासाठी चामडं कशाला, जुन्या स्वेटरची बाही कापा. फुकट.

नंदिनी_ठाणे
स्वेटरची लोकर फोकसिंग स्क्रीनवर जाते शटरराव. मग तुम्हीच धागा काढाल, व्ह्यूफाइंडरमधे केस दिसतोय म्हणून :-)

पितळी_डोळा
जरा तांत्रिक. निनादला पितळ दिसतंय म्हणजे त्याची वरची प्लेट पितळेची आणि त्यावर काळा रंग आहे. सगळ्या कॅमेऱ्यांना हे होत नाही. चंदेरी मॉडेलवर क्रोम असतं, ते रंगापेक्षा कितीतरी कडक, म्हणून तोच एफएम२ चंदेरी असता तर आज नवा दिसला असता. लायकाने ७०च्या दशकात काळ्या रंगाऐवजी काळं क्रोम वापरायला सुरुवात केली, ते पण असं पटकन उडत नाही, फार तर करडं पडतं.
१९८४ साली लायकाचाच एम६ आला त्याची वरची प्लेट जस्ताची. ती घासून पितळ कधीच दिसणार नाही, उलट काहींना रंगाखाली फोड येतात, आत जस्त गंजतं आणि रंग वर उचलला जातो. ते वापरून येत नाही, बाहेरून पुसून जात नाही. २०२२ला एम६ परत काढला तेव्हा वरची प्लेट पितळेची केली.
आणि कॅनन एई-१, १९७६चा, लाखांनी खपला, त्याची वरची प्लेट एबीएस प्लास्टिकची आहे, वरून धातूसारखं फिनिश. त्यामुळे दिसायला कडक आणि घासायला प्लास्टिक. चंदेरी एई-१ घेऊन "ऑल मेटल" म्हणून जाहिरात टाकणारे इथे पण आहेत, नावं घेत नाही.
थोडक्यात आधी तुमचा कॅमेरा कशाचा आहे ते बघा, मग केसचा विचार करा. जस्तवाल्याला दमटपणाची भीती जास्त, पितळवाल्याला घासण्याची, प्लास्टिकवाल्याला तडा जायची.

काडीवाला_किरण
आणि ज्यांच्याकडे घासायला वेळ नाही पण पैसे आहेत त्यांच्यासाठी कंपनीच घासून देते. २०१५ला लायकाने लेनी क्रॅविट्झ या गायकाबरोबर एक आवृत्ती काढली होती, १२५ नग, कारखान्यात हाताने रंग घासून जुनी केलेली. वर ती डिजिटल. निनाद, तुझं फुकटात झालंय, कृपया बायकोला हा प्रतिसाद वाचून दाखव.

निगेटिव्ह_निनाद
दाखवला. ती म्हणाली मग त्यांना विक.

बे_एरियाकर
हाहा, वहिनींना नमस्कार.
इकडे अमेरिकेत जुन्या कॅमेऱ्यांवर वेगळीच जखम सापडते. इस्टेट सेलमधे (गेलेल्या माणसाच्या घरच्या सामानाच्या विक्रीत) घेतलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांच्या तळाला कोणीतरी कंपन करणाऱ्या सुईने वेडावाकडा नंबर कोरलेला असतो. ६०-७०च्या दशकात पोलिसच मोहीम चालवायचे की चोरी झाली तर ओळख पटावी म्हणून सामानावर ड्रायव्हिंग लायसन्स नंबर किंवा सोशल सिक्युरिटी नंबर कोरा. आज कोणी तो नंबर कागदावर लिहून दाखवायला तयार होणार नाही! कलेक्टर अशा पीसला तोंड वाकडं करतात, किंमत पडते, आणि माझ्यासारखे वापरणारे ते स्वस्तात उचलतात. तेव्हा कॉस्मेटिक डॅमेज हा गरिबांचा मित्र आहे.

वाड्यातली_विभा
बे_एरियाकर, हे आमच्याकडे पण झालंय की! आजोबांच्या अॅगफा क्लिक III च्या पाठीवर त्यांचं आडनाव आणि "पुणे" असं टिंब-टिंब काढून कोरलंय. दारावर भांड्यांवर नाव घालणारा आला होता, आजीची पातेली झाली, आजोबांनी कॅमेरा पुढे केला. आजीचं म्हणणं त्याने कॅमेऱ्याचे पैसे जास्त घेतले.

सातारकर_तात्या
विभाताई, ठ्ठो!

कोल्हापूर_५०एमएम
हाफ केसवाल्यांसाठी माझा अनुभव. जपानी हाफ केसची किंमत बघून घेरी आली, म्हणून चप्पल लाइनमधल्या ओळखीच्या कारागिराकडे कॅमेरा घेऊन गेलो. त्याने आधी विचारलं यात पाय कुठं घालायचा. मग तासभर मापं घेतली, कागदावर तळ आखला, आणि कापशी चपलेला वापरतात तसल्या जाड चामड्याची केस आठवड्यात दिली. शिलाई बघून परदेशी लोक इन्स्टावर ब्रँड विचारतात. चामडं बाभळीची साल आणि हिरडा लावून कमावलेलं, केमिकलचा वास नाही, वर्षभरात रंग काय सुंदर चढलाय म्हणून सांगू.
स्क्रू मात्र कारागिराकडे मिळत नाही, तो आपण न्यायचा. पाव इंची ट्रायपॉड स्क्रू, चपट्या डोक्याचा, नाण्याने फिरवता येईल असा. जुने युरोपियन कॅमेरे असतील तर तळाचं भोक ३/८चं असू शकतं, आधी बघून घ्या.

शटरराव
एफएम२ची हाफ केस? रोल संपला की रिवाइंडचं बटन तळाला आहे. बॅटरीचं झाकण तळाला आहे. पाठ बाजूने उघडते. तीन ठिकाणी भोकं पाडून उरलं काय, पट्टा?

कोल्हापूर_५०एमएम
रिवाइंड बटनाला भोक ठेवलंय. बॅटरी वर्षातून एकदा बदलतो. रोलसाठी स्क्रू काढतो, दहा सेकंद. एवढी काय गाडी चुकतेय भावा.

शटरराव
गाडी नाही, फोटो चुकतो.

रसायन_काकू
मी कॅमेरेवाली नाही, मिस्टर आहेत, पण चामड्याचा विषय निघाला म्हणून लिहिते, आयुष्य प्रयोगशाळेत गेलंय.
कोल्हापूरकर, तुमची केस देखणी असणार यात वाद नाही. पण साली-हिरड्याने कमावलेलं चामडं आम्लधर्मी असतं, शिवाय मऊ राहायला त्यात तेल-चरबी मुरवलेली असते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. रंग उडालेल्या उघड्या पितळेवर असं चामडं महिनोन् महिने टेकून राहिलं आणि हवेत दमटपणा असला की तांब्याचा हिरवा मेणचट थर येतो. जुन्या कातडी पट्ट्याच्या पितळी बकलाभोवती हिरवं जमलेलं सगळ्यांनी पाहिलं असेल, तेच हे. म्हणजे निनादने राहिलेला रंग वाचवायला केस घातली आणि जिथे रंग गेलाय तिथे पितळ कळकलं असं व्हायचं.
कोरड्या कापडाने हलकं पुसून थर निघतो, घाबरायचं कारण नाही. पण चिंच, लिंबू, भांड्याची पावडर यातलं काहीही लावायचं नाही. हे सांगायची वेळ येऊ नये पण आमच्या घरी आलेली आहे.

काडीवाला_किरण
काकू, नक्की कोणी लावलं? :-)

रसायन_काकू
मिस्टरांच्या आईंनी. दिवाळीच्या साफसफाईत, समयांबरोबर. पितळ लखलखीत निघालं, उरलेला काळा रंगही निघाला, त्यांना वाटलं काम उत्तम झालं. मिस्टर अजून तो कॅमेरा वापरतात.

रत्नांग्रीकर
काकूंशी शंभर टक्के सहमत आणि पुढचं मी सांगतो. मंडळी तुम्ही रंगाची चर्चा करताय, आमच्या कोकणात जून ते सप्टेंबर कॅमेरा जिवंत राहिला तरी नशीब. पावसाळ्यात चामड्याच्या केसमधे कॅमेरा बंद करून ठेवणं म्हणजे ओले बूट घालून झोपण्यासारखं आहे. चामडं पाणी धरतं, आतलं अस्तर पाणी धरतं, वर अंधार. बुरशीला अजून काय पाहिजे? केसवर पांढरी लव दिसली की समजायचं लेन्समधे पण सुरू झालंय. आणि लेन्सवरची बुरशी नुसती पुसून जात नाही, जास्त दिवस राहिली तर कोटिंग खाते, मग काच साफ केली तरी जाळ्याचा ठसा राहतो.
माझ्या चुलत्यांनी मस्कतहून आणलेले दोन कॅमेरे असेच गेले. केस इतक्या जपल्या की आजही नव्या दिसतात. आत लेन्स दुधाळ.
आता मी काय करतो: हवाबंद डबा, आत सिलिका जेल, छोटा आर्द्रतामापक, काटा ४०-५० टक्क्यांच्या आसपास. निळं जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत निळं. केस वेगळी, माळ्यावर, कॅमेऱ्यापासून लांब. डांबरगोळ्या अजिबात टाकू नका, त्या वाफा प्लास्टिकला चांगल्या नाहीत. तांदळाच्या डब्यात पण ठेवू नका, पीठ आत जातं.

काजवा
तांदळाचं मी करणार होतो. थांबवल्याबद्दल धन्यवाद.

नंदिनी_ठाणे
रत्नांग्रीकर, मुंबईत पण तेच. म्हणून मी म्हटलं ना केस प्रवासापुरती. घरी आल्यावर बाहेर काढायचा.
एक प्रश्न: सेलेनियम मीटरवाले (बॅटरीशिवाय उजेडावर चालणारा मीटर) कॅमेरे, म्हणजे ऑलिंपस ट्रिप ३५ वगैरे, ते तरी केसमधे ठेवावेत ना? उजेडात ठेवला की सेल झिजतो म्हणतात.

पितळी_डोळा
म्हणतात खरं. पण लेन्सला झाकण लावलं तरी ट्रिपच्या लेन्सभोवतीचा सेल झाकला जातो, त्यासाठी चामडं कशाला. दमटपणाने सेलची जोडणी गंजते त्याची काळजी आधी करा.

काडीवाला_किरण
केसच्या बाजूने एक मुद्दा राहिला. डॉन मॅककलिन, युद्ध छायाचित्रकार, कंबोडियात असताना त्यांच्या निकॉन एफने बंदुकीची गोळी अडवली. आता सांगा, जाड कोल्हापुरी केस असती तर कॅमेरा पण वाचला असता की नाही?

कोल्हापूर_५०एमएम
आमच्या केसला गोळी काय, शटररावांचा प्रतिसाद पण लागत नाही.

शटरराव
:-) मान्य. एक पॉइंट तुम्हाला.

वाड्यातली_विभा
फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ तर चंदेरी लायकावर काळी चिकटपट्टी लावून फिरायचे ना, चकाकून लोकांच्या डोळ्यात येऊ नये म्हणून. म्हणजे एकाला चकाकणारा काळा करायचाय आणि इथे काळ्यातून चकाकणारं दिसतंय म्हणून धागा.
पण कोणी चिकटपट्टी लावणार असाल तर कापडी लावा आणि दरवर्षी बदला. भावाने विजेची काळी टेप लावली होती, उन्हाळ्यात तिचा डिंक रेक्झिनमधे मुरला, अजून बोटाला लागतो.

फोकस_फकीर
नेलपॉलिश! मॅट काळं. पन्नास रुपयात नवा कॅमेरा. कोणी कसं सुचवलं नाही?

पितळी_डोळा
कारण सुचवू नये. जवळून चट्टे दिसतात, पुढचा घेणारा संशय घेतो की अजून काय काय लपवलंय. मी तरी रंगवलेला कॅमेरा दिसला की आधी स्क्रूंच्या खाचा बघतो. जुन्या मूळ काळ्या रंगाच्या लायका एम३ किंवा निकॉन एफला कलेक्टर लोक जे पैसे देतात ते घासलेल्या मूळ रंगाला देतात, नव्याने चोपडलेल्याला नाही. पूर्ण उघडून, नीट व्यावसायिक रंगकाम करून घेणं ही वेगळी गोष्ट आहे, ते करणारे लोक आहेत, पण एफएम२वर तेवढा खर्च मी करणार नाही.

फोकस_फकीर
बरं बरं, बहिणीचं नेलपॉलिश परत ठेवतो.

सातारकर_तात्या
निनाद, सगळे अंगाकडे बघतायत, मी एक कामाचं सांगतो. पट्टा जिथे अडकतो ते दोन कान बघ. तिथे लोखंडी त्रिकोणी कड्या असतात, वर्षानुवर्षं त्या करवतीसारख्या कानाला घासतात. काही जुन्या कॅमेऱ्यांचे कान अर्धे कापलेले मी पाहिलेत, एक दिवस पट्टा हातात आणि कॅमेरा फरशीवर. कड्या झिजल्या असतील तर बदल, आणि कडी अंगाला लागू नये म्हणून मागे प्लास्टिकचा किंवा चामड्याचा छोटा तुकडा असतो तो लावून घे. तो हरवला की कानाच्या बाजूचा रंग सगळ्यात आधी जातो.
आणि मागच्या दाराच्या खाचेतला फोम बोटाने दाबून बघ. काळा चिकट लागला तर रंगाचा खर्च बाजूला ठेव आणि आधी फोम बदल, नाहीतर रोलवर प्रकाशाचे पट्टे येतील.

निगेटिव्ह_निनाद
तात्या, आत्ता बघितलं. एका बाजूची कडी खरंच पातळ झालीय, आणि फोम अक्षरशः डांबर. या रविवारी दोन्ही.
काकू, तुमचं वाचून तळ पण नीट बघितला. स्क्रूच्या भोकाभोवती हिरवट थर आहे आणि कडेने अर्ध्या उंचीपर्यंत सरळ रेषेत रंग घासलाय, बरोबर हाफ केसच्या काठाएवढा! म्हणजे आधीच्या मालकाने केस घातलेली होती आणि तिच्यामुळेच घासलं की काय?

पितळी_डोळा
तसंच दिसतंय. केस आणि बॉडीच्या मधे बारीक वाळू अडकली की चालताना प्रत्येक पावलाला ती घासते. घट्ट केस असेल तर कडांवर सगळ्यात जास्त. केस वापरायचीच तर महिन्यातून एकदा काढून दोन्ही ब्रशने झटकायचं, हे फार कमी लोक करतात.

कोल्हापूर_५०एमएम
मी झटकतो. उद्यापासून दर आठवड्याला झटकीन.

निगेटिव्ह_निनाद
मग माझं ठरलं. हाफ केस घेत नाही. प्रवासाला नंदिनीताईंसारखं, पण चामड्याऐवजी पॅडवालं कापडी पाकीट, घरी डबा आणि जेल. पितळ जसं दिसतंय तसं दिसू दे. बायकोचं अजून मत बदललेलं नाही, पण काल तिने स्वतःहून दोन फोटो काढले त्याच्यावर.

शटरराव
माझा पहिला प्रतिसाद बघा. मी काय म्हटलं होतं?

नंदिनी_ठाणे
तुम्ही स्वेटरची बाही पण म्हटली होती.

नवखा_नितीन
धागा उशिरा वाचला, भारी चर्चा. माझ्याकडे वडिलांचा झेनिट आहे, रशियन, त्याची केस तळाच्या स्क्रूवर गंजून बसलीय, स्क्रू फिरतच नाही. जोर लावू का?

पितळी_डोळा
जोर लावू नका! तळाचं भोक फिरलं तर काम वाढेल. केसचं चामडं स्क्रूभोवती कापा, कॅमेरा वाचवा, स्क्रू मग निवांत बघू. फोटोसकट वेगळा धागा काढा, इथे फार लांबलंय.

कोल्हापूर_५०एमएम
केस कापायच्या आधी माप घेऊन ठेवा. लाइनमधे नवी करून देतो.